टाका

फौजदारीचा निकाल लागला तेव्हा
सोनटक्के वकिलांनी पाठीवर थाप मारली,
सुटलास बसवंतप्पा, संशयाचा फायदा.
मी उदगीर कोर्टाच्या आवारात चपला शोधत होतो.
पायातच होत्या.

पोरानं निकालाची नक्कल लॅमिनेट केली,
देगलूर रोडच्या दुकानात टांगली,
बसवण्णांच्या तसबिरीशेजारी.
गिऱ्हाईक वाचायचं: निर्दोष मुक्तता.
त्याच्याच खाली दरपत्रक:
खिडकी, जाळी, शटर, सरकतं गेट.

सरकतं गेट.
साडेतीन क्विंटलचं, शाळेचं.
रूळ संपला तरी पुढं गेलं,
शेवटी अडवायला काही नव्हतं,
आणि खाली सफुरा होती, शिपाई गफूरभाईची, तिसरीतली.
उजवा पाय, गुडघ्याखाली.

साक्षीदार म्हणाला, आदल्या आठवड्यात
खडीचा ट्रॅक्टर रुळाला घासून गेला होता.
गेला असेल. मी नव्हतो तिथं.
पंचनाम्यात स्टॉपर ‘मिळून आला नाही’,
आणि जे मिळालंच नाही त्याच्यावर
माणसाला आत कसं टाकणार?
साहेबांनी बरोबर केलं.
एवढ्यातेवढ्यावर तुरुंगाचं दार उघडायला लागलं
तर आमच्यासारख्यांची रांग लागायची.

सरकारी वकिलानं विचारलं होतं, स्टॉपर बसवला होता?
म्हणलं, हाव, बसवला होता.
खोटं नव्हतं.
दोन टाके मारले आणि लाईट गेली.
दोन टाक्यांवरही बसतोच की स्टॉपर.
पूर्ण वेल्डिंग उद्या, म्हणलं.
उद्या औशाला साडूच्या पोरीची हळद.
परवा एका जिनिंगची शेड.
तेरवा कोण लक्षात ठेवतं?

दोन वर्षांनी दिवाणीचं समन्स आलं.
बेलीफ येरोळकरनं सही घेतली, चहा घेतला,
जाता जाता सायकलचं स्टँड जोडून घेतलं.
मी भिंतीवरचा कागद काढून तसाच वकिलांकडे नेला,
हे काय मग?
ते हसले. म्हणाले,
तो तराजू वेगळा, हा वेगळा.
तिथं तीळभर शंका उरली की तू सुटतोस,
इथं पारडं तीळभर झुकलं की बास.
तिथं विचारतात, ह्याला शिक्षा करायची का.
इथं, पोरीच्या पायाचा भार कुणी उचलायचा.

दिवाणीच्या जज्जबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या.
गेट कुणी केलं?
मी.
त्यांनी मान वर केली नाही, लिहीत राहिल्या.
जिल्हा परिषद तीस टक्के, मी सत्तर.
पायाचे असे टक्के पाडता येतात
हे मला ठाऊक नव्हतं.

अपील करू, वकील म्हणाले,
औरंगाबादला दहा वर्षं सहज जातील.
पोरगं म्हणालं, निर्दोष आहात ना, मग काहून भरायचे?
मी वेल्डिंगची काच डोळ्यावर ओढली.
काळ्या काचेतून फक्त ठिणगी दिसते,
पोरगं दिसत नाही.
निर्दोष आहे. देणं लागतो.
एका दमात म्हणून बघितलं,
मधे कुठंतरी जीभ अडते.

पहिला हप्ता, पाच हजार तीनशे दहा.
नाझराच्या खिडकीपाशी गफूरभाई उभा होता, अर्ज घेऊन.
चार वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळ.
त्या दिवशी स्टॉपर त्यानंच धरला होता,
मी टाके मारत होतो तेव्हा,
तोंड फिरवून, डोळे मिटून.
कोर्टात हे त्यानंही सांगितलं नव्हतं.
मला वाटायचं, मला वाचवलं.

तो भिंतीकडे बघत म्हणाला,
उस्ताद, मीच बोललो होतो ना,
राहू द्या आता, लाईट आल्यावर करा.

मी काही बोलणार, तेवढ्यात
आतून नाझर ओरडला,
सुटे आहेत का, सुटे?
आम्ही दोघांनी खिसे चाचपले.